पाण्याच्या जारची लाइन आणि डिझेलचा मोह

प्रश्न : मी कुपवाडला राहतो. गेली दोन वर्षे भाड्याच्या पेट्रोल टेम्पोतून सांगली-मिरजेत पाण्याचे जार पोहोचवतो. रोजचे 55 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. पेट्रोल गाडी ऑन-रोड 6 लाख 20 हजारांना पडते, डिझेल 7 लाख 60 हजारांना. माझ्या टेम्पोला 14 चे ॲव्हरेज पडते. डिझेलला 18 पडेल, असे शोरूमवाले सांगतात. वडील म्हणतात, धंद्याला डिझेलच. वरच्या 1 लाख 40 हजारांसाठी आईची मुदत ठेव मोडावी का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे ते 14 चे ॲव्हरेज, कारण ते आपण स्वतःच्या लाइनवर, भरलेल्या जारांसह, दोन वर्षे अनुभवलेले आहे. डिझेलचे 18 मात्र शोरूममधून आलेले आहे. हे दोन आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत, आणि आपला निर्णय नेमका याच फरकावर अवलंबून आहे.

पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 रुपये लिटर धरले, तर पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे सुमारे 7 रुपये 43 पैसे लागतात आणि 18 चे ॲव्हरेज देणाऱ्या डिझेल गाडीला 5 रुपये 6 पैसे. आपले धावणे महिन्याला 1,430, म्हणजे पाच वर्षांत 85,800 किलोमीटर होते. त्यामुळे इंधनात सुमारे 2 लाख 3 हजार रुपये वाचतील. जादा 1 लाख 40 हजार साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर महिना 3,009 रुपयांप्रमाणे 1 लाख 80 हजारांवर परतफेड होते. गाडीची किंमत जास्त म्हणून विमा जास्त आणि सर्व्हिसिंगही महाग, यासाठी वर्षाला सात हजार धरले की एकूण जादा खर्च 2 लाख 15 हजारांच्या घरात जातो. विकताना डिझेल गाडीला 50 हजार अधिक मिळतील असे मी गृहीत धरतो. म्हणजे पाच वर्षांअखेर डिझेल सुमारे 38 हजारांनी पुढे राहील.

आता 18 ऐवजी 16 घालून पाहा. इंधनातील बचत 1 लाख 49 हजारांवर येते आणि तेच डिझेल 16 हजारांनी मागे पडते. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी आपल्याच भागात गॅस सिलिंडर किंवा जार पोहोचवणाऱ्या एखाद्या डिझेल टेम्पोवाल्याला गाठा. टाकी काठोकाठ भरून मीटरचा आकडा लिहून घ्या, आठवड्याने त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार स्वतः करा.

माझा अंदाज 16 च्या बाजूने का झुकतो, हेही सांगतो. डिझेल इंजिन काटकसरी असते, कारण त्यात हवा अधिक दाबली जाते आणि एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के ऊर्जा जास्त असते. मात्र हा फायदा सलग धावताना खरा मिळतो. जारची लाइन कशी असते, हे पाहण्यासाठी मी एकदा विश्रामबागेतील एका पुरवठादाराच्या गाडीत सकाळभर बसलो होतो. इंजिन बंद, दोन जार खांद्यावर, रिकामे परत, इंजिन चालू, शंभर पावलांवर पुन्हा बंद. अकरा किलोमीटरांत अडतीस वेळा गाडी थांबली.

ही पद्धत नव्या डिझेल गाडीला मानवत नाही. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-6 नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला, ज्याला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळण्यासाठी तेथे साधारण 550 ते 600 अंश तापमान लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता चालावी लागते. दर शंभर पावलांना इंजिन बंद झाले की ही क्रिया अर्धवट राहते, काजळी जाळण्यासाठी इंजिनात जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तिकडे दुर्लक्ष केल्यास इंजिनाची ताकद आपोआप कमी होऊन गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. आपल्या धंद्यात गाडी दोन दिवस उभी राहिली, की गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी दुसऱ्याचा जार घेतो. हे नुकसान वरच्या हिशेबात मी धरलेलेच नाही.

वडिलांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते अगदी बरोबर होते. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त होण्यापूर्वी दोन्ही इंधनांच्या दरांतील तफावत बरीच मोठी असे, आणि इंजिनेही साधी होती. आपण वाईचे असता आणि माल घेऊन रोज पसरणी घाट चढावा लागत असता, तर मीही डिझेलच सुचवले असते. कमी वेगातली त्याची ओढ तेथे कामाला येते. सांगली-मिरजेचा रस्ता मात्र सपाट आहे.

ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुदतीपूर्वी मोडल्यास बहुतेक बँका व्याज कापतात, पण तो मुद्दा किरकोळ आहे. ज्या घराचे उत्पन्न एका गाडीवर चालते, त्या घरात गाडी बंद पडल्यावरचे दोन महिने हीच ठेव निभावून नेते. बँकेने तारण म्हणून तीच मागितली, तर मुद्रा योजनेतील तरुण गटात 10 लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते, हे शाखेत आवर्जून विचारा. विमा उतरवताना पुराच्या पाण्याने इंजिनाचे होणारे नुकसान भरून देणारे जादा संरक्षण मिळत असल्यास घ्या. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 सांगलीकरांना निराळे सांगायला नको.

पेट्रोल गाडी निवडताना एक गोष्ट तपासा. भरलेला जार साधारण 21 किलोचा, म्हणजे एका फेरीत 35 जार धरले तर 735 किलो होतात, शिवाय जाळी आणि सोबतचा पोऱ्या. छोट्या टेम्पोची परवानगी असलेली भारक्षमता याहून कमी निघाली, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. सीएनजीचा पर्यायही आहे, परंतु टाक्यांचे वजन याच भारातून वजा होते आणि पंपावरच्या रांगेचा वेळ सकाळच्या फेरीतून जातो.

माझे मत बदलेल ते एकाच कारणाने. 16 चे ॲव्हरेज धरले तरी महिन्याला सुमारे 1,600 किलोमीटरांना दोन्ही गाड्या बरोबरीत येतात आणि 2,000 च्या पुढे डिझेल निश्चित फायद्याचे ठरते. शिवाय लांबच्या सलग फेऱ्यांत फिल्टरही साफ राहतो. तासगावच्या एखाद्या बेदाणा व्यापाऱ्याकडून वर्षभराचे काम मिळत असेल, तर महिन्याला किती फेऱ्या आणि कोणत्या दराने, हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि तो कागद हातात असतानाच डिझेल गाडी बुक करा. नुसत्या हंगामातल्या दोन महिन्यांसाठी मात्र, आज जसा घेता तसाच, भाड्याचा टेम्पो घेतलेला बरा.