स्पेनच्या रिअल माद्रिद या फुटबॉल क्लबचं जुनं सराव मैदान कुठे गेलं?

ते विकलं, आणि तिथे आता गगनचुंबी इमारती आहेत. सांतियागो बर्नाबेउ अध्यक्ष असताना क्लबने माद्रिदमधल्या कास्तेयाना रस्त्याच्या उत्तर टोकाला जागा घेतली. 1963 मध्ये तिथे 'सिउदाद देपोर्तिवा' (क्रीडानगरी) हे सराव मैदान सुरू झालं. तेव्हा ते शहराच्या वेशीवर होतं. मग माद्रिद वाढत गेलं आणि मैदानाच्या जमिनीला सोन्याचा भाव आला.

2000 मध्ये फ्लोरेंतिनो पेरेझ क्लबचे अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा क्लब कर्जात बुडालेला होता. पेरेझ मुळात बांधकाम व्यवसायातले, त्यामुळे त्यांनी नेमकी हीच जमीन हेरली. 2001 मध्ये सुमारे 48 कोटी युरोंना व्यवहार झाला, त्यासाठी शहर प्रशासनाने जमिनीचा वापर बदलू दिला. यावरून टीका भरपूर झाली, आणि माझ्या मते ती रास्तच होती. कर्ज फिटलं, त्याच उन्हाळ्यात फ्रेंच फुटबॉलपटू झिदानही क्लबमध्ये आला. मैदानाच्या जागी 200 मीटरहून उंच असे चार टॉवर उभे राहिले.

क्लब 2005 मध्ये विमानतळाजवळच्या वाल्देबेबासला गेला. नवी जागा जवळपास 120 हेक्टर, म्हणजे जुनीच्या कितीतरी पट. तिथल्या आल्फ्रेदो दि स्तेफानो स्टेडियमवर राखीव संघ खेळतो. कोविड काळात मुख्य संघाचे घरचे सामनेही तिथेच झाले.