फुफ्फुसातील दाब आणि पंपातील दाब

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वायूंचा दाब आणि श्वसन या घटकांवरील प्रश्नांची उत्तरे मुले स्वतंत्रपणे बरोबर देतात. पण ‘छाती फुगते म्हणून हवा आत येते, की हवा आत येते म्हणून छाती फुगते?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवूनही फरक पडला नाही. काय करावे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपला प्रश्न अचूक आहे. व्हिडिओ दाखवू नयेत असे नाही, परंतु त्यात दोन कल्पनांमधला दुवा दुसऱ्याने आधीच जोडलेला असतो आणि मुले तो केवळ पाहतात. दुवा मुलांनी स्वतः जोडावा यासाठी, राशी बदलून परिणाम पाहण्याची मुभा देणारे साधन हवे.

भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे राशी बदलून पाहता येणाऱ्या संगणकीय प्रतिकृती, विनामूल्य आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही मिळतात. त्यांपैकी वायूंच्या गुणधर्मांवरील सिम्युलेशनमध्ये एका पेटीत पंपाने रेणू भरता येतात, पेटीची रुंदी बदलता येते आणि रेणू भिंतींवर आदळत असतानाच दाबमापकाचा काटा हलताना दिसतो. तापमान स्थिर ठेवून पेटी दुप्पट रुंद केली की दाब निम्मा होतो. मात्र पेटी रुंदावण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे, कारण अंदाज न लिहिता पाहिलेले सिम्युलेशन पुन्हा व्हिडिओच ठरते.

यानंतर आपला प्रश्न विचारावा. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीच्या पोकळीचे आकारमान वाढते, आतील दाब घटतो आणि म्हणून बाहेरची हवा आत येते, हा क्रम मुले आता स्वतः मांडू शकतील. एखादी चौकस मुलगी विचारेल की पेटीतला दाब एवढा उतरला, मग फुफ्फुसातलाही तितकाच उतरतो का? या शंकेला तासातला बराच वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते. पेटी बंद आहे, नाकपुड्या उघड्या आहेत. दाब किंचित घटताच हवा आत शिरते, त्यामुळे शांत श्वसनात हा फरक वातावरणाच्या ७६० मिलिमीटर पाऱ्यापुढे जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास राहतो. प्रतिकृती आणि शरीर कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत, हे सांगता येऊ लागले की दोन्ही पाठ खरोखर जोडले गेले असे समजावे.

अखेरीस मुलांकडून संकल्पना नकाशा, म्हणजे संकल्पना रेषांनी जोडून दाखवणारी आकृती, काढून घ्यावा. कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत दोन संकल्पनांमधील रेषेवर शब्द लिहावेच लागतात. ‘आकारमान’ आणि ‘दाब’ यांमध्ये नुसती रेष चालत नाही. ‘वाढल्यास घटतो’ असे लिहावे लागते आणि चुकीचा समज तिथेच उघडा पडतो. कागदावरही हे जमते, पण ‘सीमॅप टूल्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिला नकाशा जपून ठेवून महिन्याभराने त्यात नव्या जोडण्या करता येतात.

प्रश्न : आमच्या गावात इंटरनेट बेभरवशाचे आहे आणि घरात एकच स्मार्टफोन आहे. मुलीला यातले काही करता येईल का?
— एक पालक, गडचिरोली

उत्तर : होय. फेटची बहुतेक नवी सिम्युलेशन्स एकदा उतरवून घेतली की संगणकावर इंटरनेटशिवाय चालतात, तेव्हा शाळेच्या संगणकावर ती ठेवण्याची विनंती शिक्षकांना करावी. जर्मनीतील आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे ॲप फोनमधील संवेदकांची मोजमापे दाखवते. काही फोनमध्ये हवेच्या दाबाचा संवेदक असतो. तो असल्यास फोन घेऊन तीन मजले चढावेत; सुमारे नऊ मीटर उंचीला दाब साधारण एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक आहे) उतरलेला आलेखात दिसेल. वर गेल्यावर डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो, हे कारण मुलीने त्या आलेखाखाली स्वतःच्या शब्दांत लिहावे.