डेट्रॉइटचा संघ जिंकला तरी सोमवारी ऑफिसात सुतकी चेहरे का असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : "सहा महिन्यांपूर्वी मिशिगनला आलो. रविवारी डेट्रॉइट लायन्स हा इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी मी सहकाऱ्यांचं अभिनंदन करतो, तर ते उसासा टाकतात. हंगाम चालू असताना ही मंडळी आठवडाभर नक्की कशाबद्दल बोलत असतात? खेळ नीट कळत नसताना त्यांच्यात कसं मिसळायचं?"

मी बारा वर्षं डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहतोय. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी. इथे आलो तेव्हा हातात धरून पळायच्या चेंडूला हे लोक फुटबॉल म्हणतात याचाच राग यायचा. पहिली तीन वर्षं मीही तुमच्यासारखाच "काँग्रॅट्स" म्हणून मोकळा व्हायचो.

चूक कुठे होते सांगतो. आपल्याला वाटतं ते कालच्या मॅचबद्दल बोलताहेत. कालची मॅच त्यांच्या डोक्यातून रविवारी रात्रीच गेलेली असते. सप्टेंबरपासूनच ते जानेवारीचा हिशेब मांडत असतात.

याला कारण या हंगामाची बांधणी. अठरा आठवडे, प्रत्येक संघाच्या सतरा मॅच, मध्ये एक आठवडा सुट्टी. बेसबॉलवाले वर्षाला 162 मॅच खेळतात, तिथे मंगळवारी हरलेलं बुधवारी विसरता येतं. इथे रविवारी हरलात की पुढच्या रविवारपर्यंत तेच चघळायचं. 32 संघांतले 14 बाद फेरीत जातात आणि तिथे प्रत्येक टप्प्याला एकच मॅच. एक वाईट संध्याकाळ आली की पाच महिन्यांची मेहनत पाण्यात. त्यामुळे चाहता जिंकलेल्या मॅचमध्येसुद्धा जानेवारीत आपल्याला बुडवणारं भोक कुठे आहे तेच शोधत असतो.

त्यात हे लायन्सवाले. शेवटचं विजेतेपद 1957 चं, अंतिम सामन्यात क्लीव्हलंडला 59-14 असं धुतलं होतं. सुपर बोल, म्हणजे आताचा अंतिम सामना, सुरू झाला त्यानंतर, आणि त्यात हा संघ एकदाही पोचलेला नाही. 2008 साली सोळाच्या सोळा मॅच हरले. जानेवारी 1992 मध्ये बाद फेरीत एक मॅच जिंकले, त्यानंतरची पुढची जिंकायला जानेवारी 2024 उजाडला. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, इथे तर तीन पिढ्या पोळलेल्या आहेत. "सेम ओल्ड लायन्स" हे शब्द तुमच्या कानावर आले असतीलच. आपल्याकडे त्याला 'ये रे माझ्या मागल्या' म्हणतात.

माझ्या शेजारच्या घरात सत्तरीचे एक गृहस्थ राहतात, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. 1957 मध्ये ते तीन वर्षांचे होते, म्हणजे आयुष्यातलं एकमेव विजेतेपद पाहिलं आणि तेही आठवत नाही. मे महिन्यात हंगामाचं वेळापत्रक आलं की ते फ्रिजवर लावतात आणि सतराच्या सतरा मॅचपुढे आधीच पेन्सिलीने निकाल लिहितात. बेरीज दरवर्षी साधारण तीच, दहा जिंकणार, सात हरणार. अंदाज चुकला की खोडरबराने खोडून खरा निकाल लिहायचा. आमच्या घरात त्यांचं नाव पेन्सिलकाका.

2024 चा हंगाम सांगतो, कारण जिंकत असतानाही लोक कसे कुढतात ते त्यात लख्ख दिसलं. संघ सतरापैकी पंधरा जिंकला. फ्रँचायझीच्या इतिहासात इतक्या मॅच एका हंगामात कधी जिंकल्या नव्हत्या. तरी त्या चार महिन्यांत मी निवांत बसलेला एकही लायन्सवाला पाहिला नाही.

13 ऑक्टोबर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं एका मित्राकडे जमलो होतो. पेन्सिलकाकांनाही बोलावलं होतं. डॅलसमध्ये मॅच, आणि आमच्यासाठी ती केव्हाच खिशात आलेली. शेवटी 47-9 झाली. बटाटेवडे तळून येत होते, पोरं आरडाओरडा करत होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये डॅलसच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्या खेळाडूवर, झडप घालताना आमच्या एडन हचिन्सनचा पाय आपल्याच सहकाऱ्यावर आपटला आणि नडगीची दोन्ही हाडं मोडली. हा पोरगा मिशिगनचाच, इथून वीस मिनिटांवरच्या प्लिमथचा. 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. क्वार्टरबॅकला पाडण्यात त्या क्षणी तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता. त्याला गाडीवरून बाहेर नेलं तेव्हा पेन्सिलकाकांनी हातातला अर्धा वडा बशीत ठेवला, उठले, वहिनींना थँक यू म्हणाले आणि घरी गेले. संघ तेव्हा मोठ्या फरकाने पुढे होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात 47-9 हा आकडा कुणाच्या तोंडी नव्हता. 'दबाव आणणारा गेला, आता समोरच्या क्वार्टरबॅकला विचार करायला वेळ मिळणार' हेच सगळीकडे. मी मात्र नेमका "मस्त मॅच झाली" म्हणून बसलो.

तेव्हापासून एक गोष्ट शिकलो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार संघ दुखापतींची यादी जाहीर करतात, कोण सरावाला आला, कोण अर्धाच आला, कोण आलाच नाही. लोक ती यादी पत्रिका पाहावी तशी पाहतात. गुडघा, घोटा, मांडी. लॅटिन नावं असलेले स्नायू इथल्या सुताराला, प्लंबरला पाठ असतात ते या यादीमुळेच.

नोव्हेंबरात ह्यूस्टनला मॅच झाली. आमचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ याने पाच वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात फेकला. पाच! मध्यंतराला 23-7 असे मागे. अशी मॅच कुणी जिंकत नाही, पण हे 26-23 जिंकले. शेवटच्या क्षणी 52 यार्डांवरून किक मारून जिंकवणारा जेक बेट्स हा तिथे जवळच्याच टॉमबॉलचा, कॉलेजात आधी आपला खरा फुटबॉल खेळलेला, मध्यंतरी विटा विकायची नोकरी केलेला. सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी दोन तट पडले. एक म्हणे, पाच चुका करूनही जिंकतो तो संघ चॅम्पियन. दुसरा म्हणे, जानेवारीत असा पाच वेळा चेंडू दिलास तर घरी जाशील. हे दुसऱ्याचं वाक्य लक्षात ठेवा.

चौथ्या डाऊनचा वाद मात्र तुम्हाला समजून घ्यावाच लागेल. मला विचाराल तर या खेळातली सगळ्यात चवदार गोष्ट हीच. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातल्या प्रत्येकीला डाऊन म्हणतात. तीन वाया गेल्या की चौथीला तीन पर्याय. लाथ मारून चेंडू लांब समोरच्यांकडे पाठवा. गोलपोस्ट आवाक्यात असेल तर किक मारून तीन गुण घ्या. किंवा उरलेलं अंतर कापायचा जुगार खेळा, फसलात तर चेंडू जागच्या जागी समोरच्यांना. लायन्सचा कोच डॅन कँपबेल हा जुगारवाला माणूस आहे.

जानेवारी 2024 मध्ये सान फ्रान्सिस्कोविरुद्ध सुपर बोलच्या दारात हा संघ उभा होता. मध्यंतराला 24-7 ने पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये 24-10 असताना चौथ्या डाऊनला दोन यार्ड हवे होते. किक मारली असती तर तीन गुण येण्याची चांगली शक्यता होती. कँपबेलने जुगार खेळला, चेंडू आमच्या जॉश रेनॉल्ड्सच्या हाताला लागून पडला. नंतर आणखी एकदा तेच केलं, तेही फसलं. मॅच गेली 34-31 ने. तीन गुणांनी. त्या तीन गुणांवर या गावात किती घरांत जेवणं थंड झाली असतील!

आता त्याच वर्षीचा डिसेंबर. ग्रीन बेविरुद्ध 31-31, मिनिटही उरलेलं नाही, चौथा डाऊन, एक यार्ड हवा. किक मारून आघाडी घ्यायची सोडून कँपबेल पुन्हा जुगार खेळला. गॉफ चेंडू देताना अडखळून पडतापडता वाचला, तशातच डेव्हिड माँटगोमेरीच्या हातात चेंडू कोंबला, त्याने सात यार्ड काढले. घड्याळ संपवून बेट्सने किक मारली, 34-31. आकडे बघा, तेच! जानेवारीत ज्याला माथेफिरू म्हणाले, त्यालाच डिसेंबरात छातीचा कोट असलेला म्हणाले. निर्णय एकच. माझं मत विचाराल तर मी कँपबेलच्या बाजूचा आहे, पण ऑफिसात ते जपून बोलतो, कारण माझी मॅनेजर किकवाल्या पक्षातली आहे.

मग 15 डिसेंबरला बफेलो आलं. घरच्या मैदानावर 42 गुण करूनही हरलो, 48-42. ओळीने अकरा विजयांची साखळी तुटली. पण त्या पराभवापेक्षा दुसऱ्या दिवशीची बातमी वाईट होती. बचावाच्या फळीतला अलिम मॅकनील गुडघ्यामुळे हंगामाबाहेर, कार्लटन डेव्हिसचा जबडा मोडलेला. बचावातले डझनभर तरी लोक तोवर जायबंदी होते. इतर संघांनी सोडलेले, घरी बसलेले खेळाडू बोलावून आणून रविवारी उभे केले जात होते. पेन्सिलकाका म्हणाले, "आता पुढच्या आठवड्यात मला फोन येईल."

गुणतक्त्याचंही थोडं सांगतो, कारण डिसेंबरात सगळी चर्चा तिकडे वळते. आयपीएलसारखे गुण आणि नेट रनरेट इथे नसतं, नुसते विजय-पराजय. चार-चार संघांचे आठ गट. गटात पहिला आला त्याला मान मोठा, भले त्याचे विजय कमी असोत. 5 जानेवारी 2025 ला एकाच गटातले लायन्स आणि मिनेसोटा शेवटच्या मॅचला समोरासमोर आले तेव्हा दोघेही 14-2, म्हणजे चौदा विजय, दोन पराभव. लीगच्या सोळा-सोळा संघांच्या दोन बाजू असतात. जिंकेल तो आपल्या बाजूचा अव्वल, एक आठवडा विश्रांती, पुढे घरचं मैदान. हरेल तो थेट पाचवा, आणि परक्या मैदानावर. आमच्या जमीर गिब्जने चार टचडाऊन केले, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला, आम्ही 31-9 ने जिंकलो. चौदा विजयांचं मिनेसोटा दहा विजयांच्या लॉस एंजेलिस रॅम्सशी खेळायला गेलं आणि हरून घरी आलं. अन्याय वाटतो ना? इथल्या लोकांनाही वाटतो, आपल्यावर होतो तेव्हा.

आणि 18 जानेवारी. विश्रांती घेतलेले लायन्स, घरचं मैदान, समोर सहाव्या क्रमांकाचं वॉशिंग्टन आणि त्यांचा पहिल्याच वर्षीचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स. 45-31, हरलो. पाच वेळा चेंडू समोरच्यांना दिला. ह्यूस्टननंतर कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी हेच तर म्हटलं होतं. आणि डॅनियल्सला विचार करायला भरपूर वेळ मिळाला, कारण त्याच्या अंगावर जायला हचिन्सन नव्हता. ऑक्टोबरात बशीत ठेवलेला तो अर्धा वडा मला त्या रात्री आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातला बर्फ काढायला मी फावडं घेऊन बाहेर पडलो तर पेन्सिलकाका आधीच त्यांच्या दारात. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कडेने घुसणारा एक चांगला माणूस घ्यायला हवा." बस्स, एवढंच.

तर तुमचं काम सोपं आहे. सोमवारी "अभिनंदन" म्हणू नका. "कोणाला लागलं?" असं विचारा, आणि विचारताना चेहरा जरा गंभीर ठेवा. गुरुवारच्या सुमाराला "त्या चौथ्या डाऊनला तू काय केलं असतंस?" हे विचारा. फक्त मीटिंगच्या आधी पाच मिनिटं असताना विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, पाऊण तासाने जागेवर परतलो तेव्हा मीटिंग संपली होती, आणि ती मीटिंग माझीच होती.