आत हात घालण्याआधी

प्रिय बाय,

तुझी मेल येऊन आठवडा झाला. मिरग लागल्यापासून देवगडात लाइट पाहुण्यासारखी येते, चहा घेते नि जाते, म्हणून उत्तराला उशीर.

तू विचारलंयस, नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या रनटाइममध्ये) टीएलएसचा, म्हणजे नेटवरचं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीचा, सिक्युअर-कॉन्टेक्स्ट बनतो, त्याच्या पोटातला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा एसएसएल-सीटीएक्स (सर्टिफिकेट, किया, सेटिंग्ज ठेवणारी रचना) सी-प्लस-प्लस अ‍ॅड-ऑनमधून (नोडला जोडलेल्या आपल्या कोडमधून) कसा काढायचा, ऑब्जेक्टमधला आतला कप्पा म्हणजे इंटरनल फील्ड कितवं? आकडा मी सांगणार नाही. ती आतल्या माणसांची आतली मांडणी आहे. एका आवृत्तीत असते तशी पुढच्या आवृत्तीत असेलच असं नाही, आणि बदलली तर तुला कुणी कळवायचंही नाही.

तुझी मूळ अडचण मला कळली. सर्टिफिकेटची खासगी की यूएसबी टोकनमध्ये (की जपणाऱ्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणात) आहे, ती बाहेर येत नाही (येऊ नयेच), आणि समोरचा सर्व्हर क्लायंट सर्टिफिकेट मागतो. मग आधी पुढचं दार ढकलून बघितलंस का? क्रिएट-सिक्युअर-कॉन्टेक्स्टला प्रायव्हेट-की-इंजिन आणि प्रायव्हेट-की-आयडेंटिफायर असे दोन पर्याय आहेत, ते याच कामाचे. इंजिन म्हणजे ओपनएसएसएलला बाहेरच्या उपकरणाशी बोलायला लावणारा जोड. आता ओपनएसएसएल 3 ने इंजिन हा प्रकारच मोडीत काढायला घेतलाय, त्याजागी प्रोव्हायडर आणलेत, म्हणून या दारावर जन्मभर विसंबू नकोस. पण आजचं काम त्यात भागत असेल तर भागव. कुणाला नुसत्या तपासणीसाठी सेशनच्या किया हव्या असतात, त्यांना कीलॉग इव्हेंट आहे. बरेच जण भिंत फोडून झाल्यावर दार शोधतात.

मीही त्यातलाच. पूर्वी एका ठिकाणी काम करताना सेशन तिकिटांच्या (जुनी ओळख दाखवून झटपट पुन्हा जोडायच्या चिठ्ठ्यांच्या) किया दर तासाला बदलायच्या होत्या. मी अ‍ॅड-ऑन लिहिला, रीइंटरप्रेट-कास्ट मारून आतला पॉइंटर, म्हणजे सीटीएक्सचा मेमरीतला पत्ता, काढला, एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि तासातासाला त्याच्यावर नव्या किया चढवू लागलो. कित्येक आठवडे मस्त चाललं. मग एका रात्री अकराच्या सुमारास आमच्या स्क्रिप्टने सर्टिफिकेट नवं केलं आणि सेट-सिक्युअर-कॉन्टेक्स्टने चालत्या सर्व्हरला नवा कॉन्टेक्स्ट दिला. बाराला काही झालं नाही. एकलाही नाही. पहाटे दोनला सेगफॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावून प्रोग्रॅम आडवा.

असं का, ते नीट बघ, कारण तुझं पाऊलही इथेच घसरणार आहे. एसएसएल-सीटीएक्सला संदर्भांची मोजणी असते, म्हणजे त्याला कितीजण धरून आहेत त्याचा आकडा. जावास्क्रिप्टकडचा जुना ऑब्जेक्ट सुटला तरी जुनी कनेक्शनं त्या सीटीएक्सला धरून होती. शेवटचं कनेक्शन मिटलं, नको असलेली मेमरी झाडणारा गार्बेज कलेक्टर फिरला, मोजणी शून्यावर आली, मेमरी मोकळी झाली. आणि माझा अ‍ॅड-ऑन दोन वाजता त्या मोकळ्या जागेवर लिहायला गेला. पडला हे नशीब म्हणायचं. न पडता दुसऱ्याच्या मेमरीत लिहीत राहिला असता तर मी महिनाभर भलतीकडेच शोधत बसलो असतो.

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे पॉइंटर घेतल्याबरोबर एसएसएल-सीटीएक्स-अप-रेफ करायचं (मोजणी एकाने वाढवायची) आणि काम संपलं की तितक्याच वेळा फ्री. ते करच. पण माझ्या बाबतीत त्याने काय झालं असतं? सर्व्हर पडला नसता, एवढंच. मी इमानेइतबारे दर तासाला त्या जुन्या सीटीएक्सच्या किया बदलत बसलो असतो, आणि नव्या सीटीएक्सला त्याचा पत्ताही नसता. मोजणी वाढवून पॉइंटर जिवंत राहतो, ताजा राहत नाही. म्हणून तो साठवू नकोस. लागेल तेव्हा त्या वेळच्या कॉन्टेक्स्टकडून माग, वापर, सोड. शिवाय कनेक्शन बनवणारं एसएसएल-न्यू हे फंक्शन सीटीएक्समधल्या सेटिंग्ज त्या क्षणी उचलतं. नंतर केलेला बदल आधीच्या कनेक्शनला सहसा पोचत नाही, तेव्हा जे करायचं ते पहिलं कनेक्शन बनायच्या आधी.

आणि हसू नकोस, पण तिकिटांच्या किया बदलायला नोडच्या टीएलएस सर्व्हरवर सेट-तिकीट-कीज नावाची मेथड तेव्हाही होती. मी डॉक्युमेंटेशनचं ते पान उघडलंच नव्हतं.

दुसरं भूत लिंकिंगचं, म्हणजे कोडला लायब्ररी जोडण्याचं. तुझ्या अ‍ॅड-ऑनने स्वतःचं वेगळं ओपनएसएसएल पोटात घेतलं, आणि पॉइंटर मात्र नोडच्या ओपनएसएसएलचा, तर एकाच प्रोसेसमध्ये दोन बिऱ्हाडं झाली. ओपनएसएसएलने 1.1.0 पासून, म्हणजे 2016 पासून, आतल्या रचना झाकून ठेवल्यात. एकाची रचना दुसऱ्याच्या फंक्शनला दिलीस तर काय होईल ते सांगता येत नाही. नोडच्या हेडर्सबरोबर (फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलींबरोबर) ओपनएसएसएलची हेडर्स येतात, ती वापर. प्रोसेस-व्हर्जन्समधला ओपनएसएसएलचा आकडा सुरुवातीलाच तपास आणि जुळला नाही तर अ‍ॅड-ऑनने लोड व्हायला नकार द्यावा. नोड 16 मध्ये 1.1.1 होतं, 17 मध्ये एकदम 3 आलं. त्या उडीत कितीजणांचे नुसते बिल्डसुद्धा मोडले. डेस्कटॉपची सॉफ्टवेअरं बनवायच्या इलेक्ट्रॉनमध्ये तर ओपनएसएसएलपासून फुटलेलं बोरिंगएसएसएल असतं, तिथे हा सगळा खटाटोप नकोच.

'पण मी नोड-एपीआय (बाहेरच्या कोडसाठी नोडने ठेवलेली ठरावीक फंक्शनं) वापरते, ते तर आवृत्त्यांमध्ये टिकतं' असं तू म्हणशील. टिकतं, पण फक्त त्याच्याच फंक्शनांपुरतं. शेजारी ओपनएसएसएलचं हेडर घेतलंस की ती हमी संपली, आणि मोठ्या आवृत्तीला पुन्हा बांधणं आलं.

इतकं करूनही आत जावंच लागलं, तर आधी तुझ्या आवृत्तीची हेडर्स उघडून बघ, रनटाइमने स्वतःच पॉइंटर देणारं जाहीर फंक्शन ठेवलंय का. असेल तर तेच घे. नसेल तर ही सगळी घाण एका फाइलीत कोंड. तिच्या बाहेर कुणाला सीटीएक्स हा शब्दही दिसता कामा नये. आणि आमच्याकडे बाग कराराने घेतात तसा तो पॉइंटर वापर: आंबे काढायचे, कलमाला कोयता लावायचा नाही. म्हणजे आपण न वाढवलेली मोजणी आपण कमी करायची नाही.

लॅपटॉपवर हे सहसा पडत नाही, कलेक्टरला घाईच नसते. एक्स्पोज-जीसी फ्लॅग लावून नोड चालव, कॉन्टेक्स्ट बदल, जुनी कनेक्शनं बंद कर, जीसी (तोच कलेक्टर) हाताने बोलव, मग अ‍ॅड-ऑनला काम सांग. अ‍ॅड-ऑन अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बांधलास तर आणखी बरं.

आधी इंजिनचा पर्याय टोकनवर चालतो का ते कळव. नाहीच चालला तर ती एक फाइल पाठव. जुलै संपेपर्यंत होड्या किनाऱ्यावर आहेत, बंदरावर चक्कर मारण्यापलीकडे मला काम नाही. लाइट असली की वाचतो.

तुझा,
काका