गणितासाठी तबला लावू नका

तुम्ही विचारलंय की मुलगी 6 वर्षांची आहे, तबल्याचा क्लास लावला तर अभ्यासात, त्यातही गणितात, फरक पडेल का. 20 वर्षं लहान मुलांना तबला शिकवतोय, म्हणून स्पष्टच सांगतो: क्लास जरूर लावा, पण गणितासाठी नको.

‘संगीताने बुद्धी वाढते’ हे जे कानावर येतं, त्याचा उगम 1993 सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना 10 मिनिटं मोत्झार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवलं. घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असल्या कोड्यांत ते थोडे सरस ठरले आणि पाव तासात तो परिणाम ओसरलाही. त्यात लहान मुलं नव्हती आणि कोणी काही शिकतही नव्हतं!

शिकण्याबद्दलचा चांगला प्रयोग मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांचा, 2004 सालचा. 6 वर्षांची 144 मुलं. काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. वर्षभरानंतर बुद्ध्यंक सगळ्यांचाच वाढला होता, संगीतवाल्यांचा सरासरी 7 गुणांनी, बाकीच्यांचा 4.3 ने. आणि चारचौघांत मिसळण्यात पुढे गेली ती नाटकवाली मुलं. पुढे 2020 मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी 54 अभ्यास एकत्र तपासले, तर संगीताची तुलना दुसऱ्या एखाद्या शिकवणीशी केली की फरक जवळजवळ उरतच नव्हता.

मग मी शिकवतो कशाला? तीनतालाचा ठेका घ्या, म्हणजे 16 मात्रांच्या या तालाचे ठरलेले बोल. नवव्या मात्रेला खाली (हाताने ताल धरताना इथे टाळी नाही, हात नुसता हलवायचा), दहावीपासून तेरावीपर्यंत डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं वाद्य, गप्प, चौदाव्या ‘धिं’ला तो परत यायचा. बहुतेक मुलं तेराव्यालाच ‘ता’ऐवजी दोन्ही हातांचा ‘धा’ ठोकतात, कारण डाव्या हाताला गप्प बसवत नाही. माझ्याकडचा एक मुलगा दोन महिने हेच करायचा. चुकला की माझ्याकडे बघायचा, मी बोट दाखवलं की पुन्हा पहिल्यापासून. एके दिवशी तेराव्याला स्वतःच थांबला, ‘च्च’ केलं, माझ्याकडे न बघता नवव्यापासून तेवढाच तुकडा हळू वाजवायला लागला. चार वेळा वाजवला, मग पूर्ण ठेका.

आपलं नेमकं कुठे बिघडतंय हे आपल्याच कानाने पकडायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं, हे त्याला कोणी सांगून आलं नसतं. गणितात त्याला किती पडले, मी विचारलं नाही.

आता कामाचं. आठवड्यातून एकदा तासभर घासण्यापेक्षा रोज 10 मिनिटं पुरतात, पण रोज. सुरुवातीला जवळ बसा, मोबाईल बाजूला ठेवून. ती हाताने टाळी-खाली धरत असेल तर तुम्हीही धरा. परीक्षांची घाई करणारे क्लास मला पटत नाहीत. एकेक बोल सुटा, स्वच्छ वाजायला लागण्याआधी लय वाढवणाऱ्या शिक्षकापासून तर लांबच राहा. एकदा हात बिघडला की सरळ करायला दुप्पट वेळ जातो. सहा महिन्यांनी ती म्हणाली, ‘मला गायचंय’, तर गाऊ द्या. लय कुठे जात नाही.

आणि हो, पहिले काही महिने घरात नुसती ठोकाठोक ऐकू येईल. तेवढ्यात पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव ना’ म्हणून तिला बसवू नका.