पारलिंगी व्यक्तींची चरित्रे लिहिताना: क्रियापद, जुने नाव आणि 'देशातील पहिल्या'

ज्ञानकोशासाठी लिहिलेले तुमचे दोन्ही मसुदे वाचले. दोन्ही पारलिंगी स्त्रियांचे आहेत, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तींचे. एक अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांचा, दुसरा विदर्भातल्या हयात कवयित्रीचा. तुम्ही विचारले आहे की ओळख जाहीर करण्यापूर्वीच्या आयुष्याला कोणती क्रियापदे लावायची, जन्मनाव द्यायचे का, शस्त्रक्रियेबद्दल किती लिहायचे, आणि वर्तमानपत्रांनी 'देशातील पहिल्या' म्हटले असेल तर ज्ञानकोशातही तसेच लिहायचे का. प्रश्न चार असले तरी माझे उत्तर बहुतेक एकाच गोष्टीवर उभे आहे: व्यक्ती कोण आहे हे तिच्याच ताज्या जाहीर शब्दावरून घ्यायचे, आणि तिने काय केले हे इतर कोणत्याही चरित्रासारखे पुरावा पाहून लिहायचे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की लेख बिघडतो.

आधी क्रियापदे, कारण मराठीत सुटका नाही. आला-आली, हुशार मुलगा-हुशार मुलगी, दर दोन वाक्यांना बाजू घ्यावी लागते. तुमच्या कवयित्रीच्या मसुद्यात पहिल्या परिच्छेदात 'तो शाळेत हुशार होता', तिसऱ्यात 'ती घर सोडून मुंबईला आली' आणि पाचव्यापासून 'त्या' आहेत. वाचणाऱ्याला वाटेल की तीन वेगळ्या माणसांची गोष्ट चालली आहे. त्या स्वतःला स्त्री म्हणतात, तेव्हा जन्मापासून शेवटपर्यंत स्त्रीलिंगच. शाळेतल्या दिवसांनाही. बालपणाला एकेरी आणि मोठेपणाला आदरार्थी ही आपली जुनी सवय आहे. एरवी ती चालून जाते, इथे नेमका तिथेच पाय घसरतो. पहिल्या ओळीपासून आदरार्थी बहुवचन धरा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

निम्मी का, तर 'त्यांनी' हे रूप कोणालाही चालते आणि सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते. 'त्यांनी कविता लिहिली', 'त्यांनी नोकरी सोडली', 'त्यांचा जन्म यवतमाळला झाला', 'त्यांना पुरस्कार मिळाला', यांत कुठेच लिंग नाही. सगळा परिच्छेद असा ओढाताण न करता लिहिता येतो. मात्र जी व्यक्ती स्पष्टपणे स्वतःला स्त्री म्हणते तिच्या लेखात ही युक्ती पानभर वापरू नका. तो अंग चोरून लिहिण्याचा प्रकार होतो आणि वाचकाला तो लगेच कळतो. 'त्या आल्या, त्या राहिल्या' असे मोकळेपणी लिहा. ही युक्ती राखून ठेवा ती स्वतःला स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही असे सांगणाऱ्यांसाठी, आणि ज्यांचा स्वतःचा शब्दच मागे राहिलेला नाही अशांसाठी.

या दुसऱ्या गटातले सर्वांत अवघड उदाहरण ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक डॉ. जेम्स बॅरी यांचे. एडिनबरात वैद्यकीचे शिक्षण, पुढे साम्राज्यभर लष्करी सेवा, आणि १८२६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपमध्ये केलेली सिझेरियन शस्त्रक्रिया, जिच्यात आई आणि बाळ दोघेही वाचले. १८६५ साली लंडनमध्ये मृत्यू झाल्यावर, देह धुणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून, तो देह स्त्रीचा असल्याची चर्चा सुरू झाली. काही चरित्रकारांच्या मते डॉक्टर होण्यासाठी एका स्त्रीने घेतलेले हे सोंग होते. काही म्हणतात, सोंग कोणी पन्नास वर्षे एकांतातही वठवत नाही. बॅरींनी स्वतः यावर काही लिहून ठेवलेले नाही. माझे मत: सबंध प्रौढ आयुष्य ज्या नावाने आणि ज्या रूपात जगले, तेच नाव आणि तीच क्रियापदे ठेवावीत, आणि वाद कोण काय म्हणते ते सांगून वेगळ्या परिच्छेदात मांडावा. आजची संज्ञा त्यांच्या नावापुढे लावू नये. हा निवाडा आपण करायचा नाही.

आता जुने नाव. इथे मी कडक आहे. कसोटी अशी: त्या नावाने व्यक्ती आधीच प्रसिद्ध होती का? ब्रिटिश पत्रकार आणि लेखिका जॅन मॉरिस यांनी १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेची बातमी 'द टाइम्स'ला पाठवली ती जेम्स मॉरिस या नावाने. ब्रिटिश साम्राज्यावरच्या त्यांच्या त्रिखंडी इतिहासाचा आधी निघालेला खंड १९६८ साली त्याच नावाने छापला गेला. ग्रंथालयात पुस्तक शोधणाऱ्याला ते नाव लागणारच. म्हणून सुरुवातीला एकदा, 'जॅन मॉरिस (आधीचे लेखन जेम्स मॉरिस या नावाने)', आणि पुढे सगळीकडे जॅन. १९५३च्या प्रसंगातही 'जॅन मॉरिस बेस कँपकडे खाली उतरल्या' असेच. वाक्य कानाला पहिल्यांदा खटकेल, दुसऱ्यांदा खटकणार नाही.

लिन कॉनवे यांचे तसे नाही. त्यांचे नाव झाले ते लिन म्हणूनच. १९८०चे चिपरचनेचे पाठ्यपुस्तक, एमआयटीतला १९७८चा अभ्यासक्रम, मिशिगन विद्यापीठातली प्राध्यापकी, सगळे याच नावाने. त्यांचे जन्मनाव तुम्हाला कुठेतरी सापडले आणि तुम्ही ते पहिल्याच ओळीत कंसात टाकले. त्याने वाचकाला काय मिळाले? काढून टाका. 'पण ते खरे आहे आणि छापून आलेले आहे' असे तुम्ही लिहिले आहे. छापून आलेल्या लाख गोष्टी आपण घेत नाही.

तुमच्या कवयित्रीच्या बाबतीत तर हा प्रश्न शिष्टाचाराच्या पलीकडचा आहे. त्या हयात आहेत, गावाकडे त्यांचे नातेवाईक आहेत, आणि ज्ञानकोशातली ओळ शोधयंत्रात सर्वांत वर येते. घरभाडे नाकारणारा, धमकावणारा, जुने नाव हाक म्हणून वापरणारा, हे सगळे तिथूनच घेतात. त्या नावाने त्यांची एकही कविता प्रसिद्ध नाही. तेव्हा लेखात नाही, तळटीपेत नाही, माहितीचौकटीत नाही. आईवडिलांची नावे, भावाचा व्यवसाय, गावाचा वाडा-वस्तीपर्यंतचा पत्ता हेही काढा.

याला एक अपवाद नेहमी लक्षात ठेवा: जुने नाव प्रत्येकालाच नकोसे असते असे नाही. हिजडा समाजातल्या कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी आपले पूर्ण नाव जाहीरपणे तसेच वापरले, आणि आत्मकथनाच्या शीर्षकातच 'हिजडा' हा शब्द स्वतःसाठी घेतला. म्हणून तो त्यांच्या लेखात त्यांचा शब्द म्हणून येतो. दुसऱ्या कोणा पारलिंगी स्त्रीच्या लेखात तो आपोआप येत नाही. हिजडा ही गुरू-चेला नाते, घराणी, रीतीभाती असलेली एक परंपरा आहे, आणि सगळ्या पारलिंगी स्त्रिया तिच्यात नसतात. पारलिंगी पुरुष तर आपल्या बहुतेक लेखांच्या गावीही नसतात. तृतीयपंथी, पारलिंगी, किन्नर यांपैकी काय लिहायचे याचा वाद मी घालत नाही; व्यक्ती जे म्हणवते ते लिहा, आणि तिचे म्हणणे सापडत नसेल तर पारलिंगी. (त्या आत्मकथनाचे शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. शब्दांकित पुस्तकातली वाक्ये अवतरणात घेताना ही गोष्ट नोंदवावी, हे मी पारलिंगी नसलेल्यांच्या चरित्रांबाबतही सांगत आलो आहे आणि कोणी ऐकत नाही.)

शस्त्रक्रियेकडे येऊ. तुमच्या कॉनवे मसुद्यात दुसरा परिच्छेद पूर्णपणे वैद्यकीय आहे, आणि आयबीएम या संगणक कंपनीतले काम थेट चौथ्यात येते. क्रम उलटा करा. गोष्ट अशी आहे: १९६४ साली त्या आयबीएममध्ये रुजू झाल्या, तिथे एका महासंगणकाच्या प्रकल्पात त्यांनी सूचना लिहिलेल्या क्रमानेच न चालवता सवडीप्रमाणे पुढेमागे करून चालवण्याची पद्धत शोधली, आणि १९६८ साली, स्त्री म्हणून जगण्याचा त्यांचा निर्णय कळल्यावर कंपनीने त्यांना काढून टाकले. त्यांनी कंत्राटी प्रोग्रामर म्हणून पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली, भूतकाळाबद्दल मौन पाळले, १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेल्या. आयबीएममधले काम त्यांचे होते हे जगाला तीसेक वर्षांनी कळले, कारण संगणकाचा इतिहास शोधणारा एक अभ्यासक त्या जुन्या प्रकल्पापर्यंत पोचला आणि २०००च्या आसपास त्यांनी स्वतःच आपली हकीगत जाहीर केली. आयबीएमने माफी मागितली २०२० साली. २०२४च्या जूनमध्ये त्या वारल्या.

इथे लिंगओळख वगळून चरित्र लिहिताच येत नाही. नोकरी का गेली, शोधाचे श्रेय का हरवले, इतकी वर्षे मौन का, या प्रत्येक 'का'चे उत्तर तिथेच आहे. पण या उत्तरासाठी शस्त्रक्रियेचा तपशील कुठे लागतो? कंपनीने काय केले ते लागते, तारखा लागतात, माफी लागते. एवढेच तपासून पाहा: हे वाक्य काढले तर पुढची घटना समजायची थांबते का? थांबत असेल तर ठेवा. तुमच्या कवयित्रीच्या मसुद्यातले शस्त्रक्रियेचे वाक्य काढल्यावर काहीही थांबले नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या निकालात, लिंगओळख सांगण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक आणि बेकायदा आहे, असे स्पष्ट म्हटले होते. कायदे आणि प्रमाणपत्रांचे नियम त्यानंतरही बदलत आले आहेत. आपली क्रियापदे कोणाकडे कोणता कागद आहे यावर ठरत नाहीत.

जुनी साधने हा वेगळा ताप आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने हिजड्यांची पोलिसी नोंदवही सक्तीची केली, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला जो कागद हाती येतो तो बहुधा पाळत ठेवणाऱ्याने लिहिलेला असतो. त्यातली तारीख घ्यावी, विशेषणे घेऊ नयेत. अलीकडचे उदाहरण मध्य प्रदेशातल्या कटनीचे. कमला जान २०००च्या सुमारास तिथे महापौर म्हणून निवडून आल्या. पद स्त्रियांसाठी राखीव होते, आणि त्या कायद्याने पुरुष ठरतात असे म्हणून न्यायालयाने निवड रद्द केली. लेखात लिहायचे ते 'न्यायालयाने त्यांना पुरुष मानून निवड रद्द केली'. 'त्या पुरुष असल्याने निवड रद्द झाली' असे लिहिले की न्यायालयाचे म्हणणे आपल्या तोंडी आले. फरक दोन शब्दांचा आहे, पण सगळी संपादकी त्यातच आहे.

बहुसंख्य बातम्या जुन्या नावाने आहेत, हा युक्तिवाद तुमच्या चर्चेत कोणीतरी केलाच आहे. तो इंग्रजी विकिपीडियावर २०१३ साली कडाक्याने लढला गेला. गोपनीय कागदपत्रे फोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या अमेरिकन सैनिक चेल्सी मॅनिंग यांनी शिक्षेच्या दुसऱ्या दिवशी, २२ ऑगस्टला, आपण स्त्री असल्याचे जाहीर केले. लेखाचे शीर्षक त्याच दिवशी बदलले, मोठ्या भांडणानंतर पुन्हा जुने झाले, आणि ऑक्टोबरात अखेर चेल्सीवर स्थिरावले. जाहीर करण्याआधीच्या बातम्या संख्येने जास्त असणारच. ती मोजणी निरर्थक आहे. नंतरच्या बातम्या काय म्हणतात ते पाहावे.

'देशातील पहिल्या' या दाव्यांपासून मात्र दूरच राहा, आणि इथे व्यक्तीचा स्वतःचा शब्दही पुरेसा नाही. २०१७ साली पश्चिम बंगालमध्ये जोयिता मंडल आणि २०१८ साली नागपुरात विद्या कांबळे यांची लोकअदालतीच्या पॅनेलवर नेमणूक झाली, आणि मथळे आले ते 'पारलिंगी न्यायाधीश' असे. लोकअदालतीचे पॅनेल म्हणजे नियमित न्यायाधीशाचे पद नव्हे. नेमणुकीचे महत्त्व त्याने कमी होत नाही, पण चुकीचे पदनाम लिहून आपण उद्याच्या वाचकाला त्या व्यक्तीवरच संशय घ्यायला लावतो. कोठे, कधी, कशावर नेमणूक, एवढे लिहा. शबनम मौसी २००० साली मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेल्या, या वाक्याला कोणत्याही 'पहिल्या'ची गरज नाही.

तुमच्या भाषेबद्दल एक तक्रार. 'शरीर पुरुषाचे, मन स्त्रीचे', 'अंधारातून प्रकाशाकडे', 'समाजाचे चटके सोसत' हे रविवार पुरवणीचे मराठी आहे. पहिले वाक्य कवयित्रींनी मुलाखतीत स्वतः म्हटले असेल तर अवतरणात, त्यांच्या नावावर. बाकीची दोन कोणाच्याच नावावर नकोत. तुम्ही त्यांच्या संग्रहावर दोन ओळी खर्चल्या आहेत आणि सोसण्यावर पाच परिच्छेद. कवयित्रीच्या लेखात हे प्रमाण उलटे हवे. सहानुभूतीपोटी टीकाही गाळू नका. लक्ष्मी त्रिपाठी यांच्या राममंदिराविषयीच्या भूमिकेवर २०१८ साली खुद्द पारलिंगी कार्यकर्त्यांनी जाहीर निषेध नोंदवला. ते त्यांच्या चरित्रात यायला हवे, जसे कोणत्याही सार्वजनिक व्यक्तीच्या येते.

अवतरणांना हात लावू नये. जुन्या मुलाखतीत पत्रकाराने पुल्लिंगी क्रियापद वापरले असेल तर ते बदलून अवतरणचिन्हांत ठेवणे ही बनवाबनवी झाली. चिन्हे काढा आणि आशय आपल्या वाक्यात सांगा. क्वचितच एखादे वाक्य असे असते की मूळ शब्दांवाचून भागत नाही; तेव्हा ते जसेच्या तसे द्या आणि कोण, कधी म्हणाले ते आधी सांगा.

राहता राहिले छायाचित्र. तुम्ही 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी लावले आहेत. शाळेतला काढून टाका. दुसरा कविसंमेलनातला आहे, तो चांगला आहे, पण त्याच्याखाली छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना दिसत नाही. तेवढे मिळवा, मग लेख मसुद्यांतून ज्ञानकोशाच्या मुख्य जागेत हलवायला माझी हरकत नाही. कॉनवे यांचा मसुदा मात्र आयबीएमचा परिच्छेद वर आणल्यावर एकदा पुन्हा दाखवा.