पंप उतरवण्याआधी : जुन्या डिझेल पिकअपविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न यांत्रिक फ्युएल पंपाच्या, म्हणजे कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एका सामाईक पाइपातून मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) आधीच्या, १२ व्होल्टच्या पिकअपबद्दल आहेत. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि तिथे चालू इंजिनवर नोझलचा पाइप सैल करणे जिवावर बेतू शकते. म्हणून पंप आणि डिझेलच्या लाइनविषयीचे खालचे सल्ले त्या गाड्यांना लागू नाहीत.

प्रश्न : सकाळी अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर येतो, मग गाडी सुरू होते. त्यानंतर दिवसभर अर्ध्या किल्लीत सुरू. बॅटरी आणि सेल्फ नवीन घातले, फरक नाही. आता पंप उतरवायला सांगितले आहे. उतरवू का?

इतक्यात नको. झिजलेला पंप बहुतेक वेळा नेमका उलटा त्रास देतो. गार गाडी कशीबशी सुरू होते आणि तापलेली होत नाही, कारण तापून पातळ झालेले डिझेल झिजलेल्या फटींतून निसटते आणि सेल्फच्या कमी वेगात दाब तयार होत नाही. तुमची गाडी तापल्यावर तक्रार करत नाही. म्हणून उद्या सकाळी आधी एकच गोष्ट पाहा. कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभे करून सेल्फ मारा. धूर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच निघतो, की बराच वेळ काहीच न येता मग दिसू लागतो?

लगेच निघत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पेटत मात्र नाही. मग शोध हीटर प्लग (गार इंजिन सुरू व्हावे म्हणून सिलिंडर आतून तापवणारे प्लग), सेल्फचा वेग आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा दाब) या क्रमाने घ्यायचा. सुरुवातीला धूरच नसेल तर रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरले आहे, म्हणजे लाइन कुठेतरी हवा धरते आहे.

हीटर प्लग घरीच तपासता येतात. सगळ्यांना जोडणारी पट्टी काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. मीटरच्या वायरींचे ०.२-०.३ ओहम वजा करून चांगला गार प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. वाचनच नसेल तर प्लग गेला. चारांपैकी एक गेला तर गाडी थरथरत का होईना सुरू होते. दोन गेले की थंडीत तुमच्यासारखी अवस्था होते. सगळे ठीक निघाले तर पट्टी परत लावून, किल्ली हीटरवर ठेवून पट्टीवर व्होल्टेज मोजा. ११ च्या आसपास हवे. शून्य आले तर दोष रिलेत किंवा मोठ्या फ्यूजमध्ये आहे. प्लगवर छापलेले व्होल्ट वाचल्याशिवाय त्याला थेट बॅटरी लावू नका, सगळेच प्लग १२ व्होल्टचे नसतात.

प्लग काढताना घाई नडते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाका आणि इंजिन कोमट असताना थोडे उलट, थोडे सुलट असे हलवत काढा. अडकलेला प्लग जोर लावून तोडला तर हेड उतरवण्याचे काम निघते. बाहेर आलेल्या प्लगचे टोक गायब असेल तर तो तुकडा आत आहे, तो काढेपर्यंत सेल्फ मारू नका. नवा बसवताना १० मिमी आट्यांच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर पुरे होतात.

बॅटरी नवी आहे, पण केबल नव्या आहेत का? पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (विजेवर डिझेल चालू-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. आता सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थची पट्टी किंवा तिच्याखालचा गंज वीज खातो आहे. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फ हे अंतरही तसेच मोजा. सेल्फ मंद फिरला की दाबलेली हवा भिंतींना उष्णता देऊन बसते आणि डिझेल पेटायला लागणारी धग राहत नाही.

हवेचा शोध वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. पंप डिझेल ओढतो त्या बाजूला गळती असली तरी बाहेर थेंब दिसत नाही. तिथून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. सकाळी सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप) दाबा. बरेच दाब पोकळ गेले, मग तो कडक झाला आणि गाडी चटकन सुरू झाली, तर उत्तर मिळाले. जागा शोधायला पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा घाला आणि बुडबुडे पाहा. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे फिल्टरची रबर रिंग (जुनी चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते), फिल्टरच्या तळाचा पाण्याचा स्क्रू, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वॉशर, प्रायमरचा पडदा आणि नोझलवरच्या परतीच्या बारीक नळ्या.

तरीही शंका उरली तर पंपाला बाहेरून डिझेल द्या. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच, घट्ट बांधून ठेवा, त्यातून नवी नळी थेट पंपाला जोडा, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, गाडी चालवून बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पटकन सुरू झाली तर पंप निर्दोष आहे आणि दोष टाकी ते पंप या वाटेवर आहे. पंप उतरवण्याच्या खर्चापुढे हा एक मीटर नळीचा प्रयोग काहीच नाही.

कॉम्प्रेशन शेवटी. पेट्रोल इंजिनचा गेज इथे फुटेल. डिझेलचा वेगळा घ्या. प्रीचेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणाऱ्या) सुस्थितीतल्या इंजिनात २५ ते ३० बार मिळतात, अचूक मर्यादा इंजिनच्या पुस्तकात असते. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पाच बारने खाली असेल तर दुखणे त्यातच आहे. आणि या सगळ्या काळात हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा तोडतो.

प्रश्न : रिकामी गाडी छान पळते, पण भरून चढाला लागली की दम तोडते. टर्बो इंजिन आहे. पंपाचा डिझेलचा स्क्रू अर्धा फेरा आत घ्यावा असे ऐकले. घरी करता येईल का?

करता येतो, पण तुमच्या पत्रात धुराचा उल्लेखच नाही आणि सगळे उत्तर धुरावर अवलंबून आहे.

दम तोडताना काळा धूर येत असेल तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडते आहे. स्क्रू आत घेतला तर फक्त धूर आणि उष्णता वाढेल. एअर फिल्टर काढून प्रकाशासमोर धरा. टर्बोनंतरचे होज उतरवून खालच्या बाजूने पाहा, चिरा तिथे पडतात आणि भोवती ऑइलचा ओलसर डाग असतो. फिल्टर ते टर्बो हा होज आतून सुटलेला असेल तर ओढ वाढताच आतला थर मिटतो. उभ्या गाडीत तो धडधाकट दिसतो, म्हणून आत बोट घालून तपासा.

धूर नसताना दम नसेल तर डिझेल कमी पडते आहे. फिल्टर बदला, टाकीतल्या ओढनळीची जाळी पाहा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपाचा लिव्हर खरोखर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते दुसऱ्याला बघायला सांगा. ताणलेली केबल हे कारण आश्चर्य वाटावे इतके नेहमीचे आहे. टर्बोच्या पंपावर वर एक पडदा असतो, बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, दाबाने तो डिझेल वाढवतो. त्याची बारीक नळी निघाली किंवा पडदा फाटला तर धूर न होता गाडी मरगळते. शिवाय चारही चाके उचलून हाताने फिरवून पाहा, जाम ब्रेक चढाला फार खातो.

हे सगळे ठीक करूनही जास्त ताकद हवी असेल तर स्क्रूच्या आधी टर्बोच्या अलीकडे धुराचे तापमान मोजणारा मीटर बसवा. चढावर सतत ७०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ देऊ नये. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. धूर त्याहून तापलेला असतानाही पिस्टन टिकतो, कारण दर फेरीला गार हवा आणि खालून ऑइल त्याची उष्णता नेत असते. डिझेल वाढत गेले की तेवढी उसंत मिळत नाही. स्क्रूची मूळ जागा रंगाने खुणावा, बाहेर राहिलेली लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, मग एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग आत घ्या आणि भरलेल्या गाडीने चढ चढून मीटर बघा. आयडलिंग वाढते, ते परत खाली आणावे लागते. अर्धा फेरा एकदम कधीही नाही. आणि ब्रेक व रेडिएटर मूळच्या ताकदीलाच पुरत नसतील तर हा विषय बंदच ठेवा.

प्रश्न : ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आहे. चांगले लक्षण का?

नाही. गाडी आजच थांबवा. ऑइलमध्ये डिझेल किंवा रेडिएटरचे पाणी उतरते आहे. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल आणि ऑइल पातळ झाले असेल तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) फाटलेला पडदा किंवा फ्युएल पंपाच्या शाफ्टचे सील बघा. दुधट कॉफीसारखा रंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. पातळ ऑइलने बेअरिंग जातातच, पण मोठा धोका वेगळा आहे. पातळी फार चढली की इंजिन ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल ओढून तेच जाळू लागते आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही, वेग वाढतच जातो. अशा वेळी चालत्या गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा. उभी असेल तर हवेचे तोंड जाड फळीने बंद करायचे. हात किंवा फडके लावू नका, आत ओढले जाते.

प्रश्न : मागचे पाटे बसले आहेत. घरी एक जादा पाटा घालायचा आहे. काय काळजी घ्यावी?

चाकांना पुढून-मागून उटी लावा, मागची चेसिस घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा आणि हौजिंगखाली (मागच्या ॲक्सलच्या आवरणाखाली) वेगळा जॅक ठेवा. गाडीचे वजन आणि हौजिंगचे वजन दोन वेगळ्या आधारांवर असले की पाट्यावरचा ताण हवा तसा कमी-जास्त करता येतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे हौजिंग जागचे हलत नाही.

यू-बोल्ट काढले की पाट्यांचा जुडगा बाहेर येतो. सेंटर बोल्टला हात लावण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना जाड सी-क्लॅम्प घट्ट आवळा. दाबलेले पाटे सेंटर बोल्ट सुटताक्षणी उसळतात आणि बोटे जातात. पाटे सुटे केल्यावर तारेच्या ब्रशने घासा आणि टोकांजवळ, तसेच सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आडवी चीर शोधा. चीर असलेला पाटा सांधू नये, बदलावा. मुख्य पाट्याचा बाक गेला असेल तर जादा पाटा घालून उपयोग नाही, नवीन जुडगाच घ्यावा. नव्या पाट्याची रुंदी तीच हवी आणि बाक खालच्या पाट्यांच्या बाकाशी जुळता हवा.

यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवेच घ्या, लांबी वाढलेल्या जाडीप्रमाणे. जुने एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. सेंटर बोल्टचे डोके हौजिंगच्या भोकात नीट बसले आहे याची खात्री करूनच आवळा; ते बाहेर राहिले तर हौजिंग सरकते आणि गाडी तिरकी चालते. नट चौफुलीने, तीन-चार टप्प्यांत, पुस्तकातल्या टॉर्कपर्यंत आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा. शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) आणि पाट्याच्या डोळ्यांच्या रबर बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. लटकत्या स्थितीत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात. अनेक पिकअपना हौजिंग आणि चेसिसमध्ये दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती दबली यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. जादा पाट्याने मागची बाजू उचलली गेली की व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी देतो. दांडीची लांबी पुस्तकाप्रमाणे परत लावा; व्हॉल्व्ह बांधून ठेवणे हा उपाय नाही, मग रिकाम्या गाडीची मागची चाके पावसात घसरतात. जादा पाट्याने मागची बाजू सरळ होते, गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही. ती चेसिस, हौजिंग, टायर आणि ब्रेक यांच्यावर ठरलेली असते.

प्रश्न : हेडलाइट पिवळट पडतात. एलईडी घालू का?

आधी बल्बच्या सॉकेटवर, दिवे लावलेले आणि इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा, मग बॅटरीवर मोजा. जुन्या गाडीत एक-दीड व्होल्टचा फरक सहज निघतो, कारण सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून बारीक वायरने जातो. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाश जिथे एकवटायचा तिथे एकवटत नाही, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारातच राहतो.

दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, त्यांच्या पिनांवर क्रमांक छापलेले असतात) घ्या, ३० अँपिअरचे, एक अप्परला आणि एक डिपरला. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिमी तांब्याची वायर रिलेच्या ३० क्रमांकाला, ८७ वरून तशीच वायर दोन्ही दिव्यांना. जुन्या सॉकेटची वायर आता फक्त ८६ ला, आणि ८५ अर्थला. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे ८५ जुन्या वायरला आणि ८६ पॉझिटिव्हला जाईल, म्हणून आधी टेस्ट लॅम्पने तपासा. दिव्यांची अर्थही नव्या वायरने थेट चेसिसच्या खरवडलेल्या धातूवर घ्या, नाहीतर अर्धा तोटा तसाच राहतो. ६० वॉटचेच बल्ब ठेवा, कारण १०० वॉटने सॉकेट वितळतात. पाटे बदलले असतील तर दिव्यांची उंचीही परत लावून घ्या.